शेषराव मिस्त्रींची उलटतपासणी

शेषराव मिस्त्री कोणाच्या अंगणात आले की आधी ट्रॅक्टरकडे बघत नसत, माणसांकडे बघत. मोपेड स्टँडला लावायची, हत्यारांची पिशवी खाली ठेवायची, जमलेल्या सगळ्यांच्या तोंडावरून एकदा नजर फिरवायची आणि विचारायचं, "माह्या आधी कोणं कोणं हात लावला?"

कोणीच लावलेला नसायचा. मी हा प्रश्न आमच्याकडे आणि शेजारीपाजारी निदान वीस वेळा ऐकला असेल, पण कोणी 'मी' म्हणाल्याचं आठवत नाही. मिस्त्री मान हलवायचे. "म्हणजे आपोआप बिघडला. बरं." मग पुढचे प्रश्न. बंद पडला तेव्हा मागं काय जोडलं होतं? धूर कोणत्या रंगाचा? एकदम गेला की रडत रडत गेला? डिझेल कोणी भरलं, कशातून भरलं? एकाला विचारलेलं ते दुसऱ्यालाही विचारत, आणि दोघांची उत्तरं जुळली नाहीत की त्यांचा चेहरा जरा खुलायचा.

अकोट-अंजनगाव रस्त्यावर एका फाट्याला त्यांचं टिनाचं शेड होतं. पाटी नव्हती. जुन्या डिझेल ट्रॅक्टरांचंच काम करायचे. नवे, वायरींचे जाळे असलेले ट्रॅक्टर कोणी आणले तर हात मागं बांधून उभे राहत. "त्याले काय झालं ते थो कंपनीच्या माणसालेच सांगते. मले नाही सांगत." जुन्या इंजिनाबद्दल त्यांचं म्हणणं साधं होतं. "त्याले लागते काय? हवा, डिझेल अन् दाब. बंद पडला म्हणजे तीनातलं एक कोणीतरी चोरून राहिलं. चोर पकडायचा, बस."

ते माणसांना चोर समजायचे की बिघाडाला, हे मला बरेच दिवस कळलं नाही. दोघांनाही समजायचे.

आमच्या अकरा एकरांची शेती मी बघते. मिस्टर अकोल्याला नोकरीला आहेत, शनिवार-रविवारी येतात आणि सल्ले देऊन जातात. ट्रॅक्टर सासऱ्यांच्या वेळचा. रंग उडालेला, सीटवर पोतं बांधलेलं, पण इंजिन खणखणीत. सासरे होते तेव्हापासून त्याचं आजारपण शेषराव मिस्त्रीच बघत. म्हणजे सासऱ्यांनी मला ते तसे वारशातच दिले.

पहिल्यांदा मी एकटी असताना ते आले तेव्हा मी ट्रॅक्टर दाखवून स्वयंपाकाला आत निघाले. त्यांनी पाना खाली ठेवला.

"बाई, कुठी चालल्या?"

"स्वयंपाक व्हायचा आहे."

"मंग मी बी घरी जातो. स्वयंपाक झाला की फोन करा."

मालक समोर बसल्याशिवाय ते एक नट सैल करत नसत. बसायचं, आणि आपल्या घरातली परात समोर ठेवायची. ट्रॅक्टरमधून निघालेला प्रत्येक भाग, अगदी वॉशरसुद्धा, त्या परातीत. काम संपलं की परात रिकामी झालेली मालकानं आपल्या डोळ्यांनी बघायची. माझी पुरणाची कणीक भिजवायची परात अशी कामाला गेली ती गेलीच. तिचा डिझेलचा वास निघाला नाही.

त्यांच्या सदऱ्याला खिसा नसे. शिंप्याकडून मुद्दाम तसाच शिवून घेत. पँटलाही नसे. चष्मा दोरीनं गळ्यात, मोबाईल मोपेडच्या डिकीत, किल्ली करदोट्याला. याचं कारण त्यांनी मला कधी सांगितलं नाही. त्यांचा धाकटा भाऊ माळवं करतो, दसऱ्याच्या आधी झेंडू घेऊन आमच्या बाजारात बसतो, त्यानं सांगितलं. तरुणपणी शेषराव एका मोठ्या कास्तकाराकडे कामाला गेले होते. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, माझं नवं नोझल काढून यानं जुनं बसवलं. चार लोकांत त्यांचे खिसे उलटे केले. काही निघालं नाही. "निघालं नाही म्हणून का माफी मागितली कोणं?" भाऊ म्हणाला. "उलट म्हने, हुशार आहे, आधीच लपवून आला." नोझल जुनंच होतं, कास्तकाराच्या पोरानं बाजारातून नवं म्हणून आणलेलं. ते कळायला दोन वर्षं गेली. तोवर शेषरावांच्या सदऱ्यांचे खिसे गेले होते.

चहाचंही तसंच. इंजिन लोडवर, म्हणजे मागं औजार जोडून, अर्धा तास चालल्याशिवाय ते मालकाच्या घरचं पाणीसुद्धा घेत नसत. "चहा पेला की माणूस मिंधा होते. मंग खरं बोलता येत नाही." एकदा आमच्या शेजारच्या विनायकरावांनी फार आग्रह केला तेव्हा म्हणाले, "तुमी आग्रह करून राहिले म्हणजे काहीतरी लपवून राहिले."

विनायकराव खरंच लपवत होते, पण ती दुसऱ्या वेळची गोष्ट. एका सकाळी त्यांच्या अंगणात ट्रॅक्टर चालू केला आणि तो आपला आपण रेस घ्यायला लागला. वाढतच गेला. किल्ली बंद केली, बंद करायची दांडी ओढली, काही उपयोग नाही. निळ्या धुरानं अंगण भरलं, पत्रे थरथरले, बैल दावी तोडायला लागले. माणसं भिंतीआड पळाली. विनायकरावांची आई ओरडत होती, "करणी हाय! धाकटीनं केली!" धाकटी सून चुलीपाशी पांढरीफटक होऊन उभी होती.

शेषराव योगायोगानं आमच्याच गावात, पीठगिरणीचं इंजिन बघायला आले होते. आवाज ऐकून चालत आले, पळत नाही. गुरांच्या टाक्यात पडलेलं ओलं पोतं उचललं आणि हवेच्या नळीच्या तोंडावर दोन्ही हातांनी गच्च दाबून धरलं. इंजिन दोन आचके देऊन बसलं. कानात नुसतं ऊं राहिलं.

"करणीचा धूर निळा नसते, आजी," ते म्हणाले. "निळा धूर ऑईलचा. हवेच्या फिल्टरात ऑईल कोणं भरलं?"

कोणीच नाही. मग त्यांनी जे केलं ते मी विसरणार नाही. सगळ्या पुरुषांना हात पुढं करायला लावले आणि एकेकाचा तळवा नाकाजवळ नेऊन हुंगला. विनायकरावांच्या हाताशी थांबले.

"शिकेकाई?"

"आंघोळ केली ना आत्ताच."

"आंघोळ केली तं पाय काहून कोरडे?"

फिल्टरच्या भांड्यात खुणेपर्यंतच ऑईल घालायचं असतं. विनायकरावांनी जास्त घातलं तर जास्त चांगलं म्हणून काठोकाठ भरलं होतं, आणि इंजिन ते हवेबरोबर ओढून डिझेलसारखं जाळत सुटलं होतं. मिस्त्री धाकट्या सुनेकडे बोट करून आजीला एवढंच म्हणाले, "हिले सांगा, करणी नव्हती म्हणून. आत्ता सांगा, मी उभा आहे तोवर." आजीनं पुटपुटत का होईना, सांगितलं. मग ते गिरणीकडे परत गेले.

मला तेव्हा वाटलं होतं, हा माणूस फारच करतो. ट्रॅक्टर दुरुस्त करावा आणि जावं.

आता माझी पाळी.

दिवाळी होऊन गेली होती. सोयाबीन निघालं होतं आणि त्या जागी हरभरा पेरायचा होता. जमिनीत ओल होती, पण रोज कमी होत होती. दुसऱ्या तुकड्यात कापसाची वेचणी चालू होती, ओसरीत कापसाचा ढीग. अशात ट्रॅक्टर बंद पडायला लागला. पेरणीयंत्र लावून वीस-पंचवीस मिनिटं झकास चालायचा, मग दम तुटल्यासारखा होऊन गप्प. दहा-पंधरा मिनिटं उभा ठेवायचा, डिझेल चढवायचा हातपंप चार वेळा दाबायचा, की पुन्हा चालू, पुन्हा वीस मिनिटं. तीन दिवसांत दोन एकरसुद्धा झाले नाहीत.

ट्रॅक्टर सुखदेव चालवायचा. बारा वर्षांपासून आमच्याकडे. कामाला चोख, बोलायला कमी. मी त्याला नावानं हाक मारते, तो मला काकू म्हणतो, वयात फार फरक नसला तरी.

शेषराव मिस्त्री तेव्हा नातेवाइकाकडे खामगावला गेले होते. मी तालुक्याहून दुसरा एक मेकॅनिक बोलावला. त्यानं कोणाला काही विचारलं नाही. डिझेलचा फिल्टर बदलला, जुन्या फिल्टरच्या वाटीत तळाला दोन-चार थेंब पाणी होतं ते मला दाखवलं, आणि आवाज खाली करून म्हणाला, "मॅडम, डिझेल काढून पाणी टाकून राहिलं कोणीतरी. घरातलंच माणूस असते असं." नव्या फिल्टरवर ट्रॅक्टर तासभर चालला. संध्याकाळी पुन्हा बंद.

संशय मला आधीपासून होता, हे मी सरळ सांगते. उन्हाळ्यापासून डिझेल जास्त जातंय असं मला वाटत होतं. म्हणून मी कॅन मागच्या खोलीत कुलपात ठेवायला लागले होते, किल्ली कमरेला, आणि टाकीत डिझेल मीच ओतत होते. तरी वावरात ट्रॅक्टर दिवसभर सुखदेवच्या हाती. त्यात तो पहिल्या दिवसापासून मागं लागला होता, "काकू, टाकी पुरी खाली करून पाहू." टाकी खाली करायची म्हणजे डिझेल कुठं जाणार? मी मनात म्हटलं, आलं लक्षात.

चौथ्या दिवशी सकाळी मी त्याला सांगितलं, "तू आता घरी राह्य. गरज पडली तं बोलावीन."

तो माझ्याकडे वळला. "माणूस ठेवून राहिले का दुसरा?"

"पाहीन."

"काकू, मी डिझेलले हात नाही लावला."

"मी म्हटलं का तसं?"

"म्हटलं नाही," सुखदेव म्हणाला, आणि ट्रॅक्टरची किल्ली बॉनेटवर ठेवून गेला. दुपारपर्यंत गावभर झालं होतं. बारा वर्षं एका घरी राहिलेल्या माणसाला ऐन पेरणीत घरी बसवलं की लोक कारण विचारत नाहीत, तेच ठरवतात. त्याला दुसऱ्या कोणी ट्रॅक्टरवर बसवलं नसतं, हे मला माहीत होतं. मी त्या वेळी त्याचा विचार करत नव्हते. ओलीचा करत होते.

त्याच दिवशी शेषराव मिस्त्री आले. मोपेड लावली, इकडंतिकडं बघितलं. मी एकटीच.

"माह्या आधी कोणं हात लावला?"

मी मेकॅनिकचं सांगितलं, पाण्याचं सांगितलं. ते म्हणाले, "कार्तिकात दोन थेंब पाणी कोणाच्याही टाकीत निघते. टाकीले बी घाम येते. पुढं सांगा. धूर?"

"धूर नाही. आवाजही नाही. दम तुटून जातो."

"मंग उभा ठेवला की चालू."

"हो."

"हा बिमार नाही. उपाशी मरून राहिला."

परात आली. मी बसले. त्यांनी टाकीखालच्या कॉकपुढची नळी सोडवली आणि खाली डबा धरला. डिझेलची धार जोरात पडली. मला वाटलं, डिझेल तर येतंय. मिस्त्री धारेकडे बघत उकिडवे बसून राहिले. पाच मिनिटं झाली असतील. धार बोटाएवढी होती ती सुतळीएवढी झाली, मग दोऱ्याएवढी, मग थेंब थेंब. टाकी अर्धी भरलेली होती.

त्यांनी नळी तोंडात धरून उलटी फुंकली. टाकीत गुळगुळ झालं. परत जोरात धार.

"आत कोणीतरी दारात बसून राहिलं," ते म्हणाले. "धार लागली की ओढून दाराशी येते. इंजन बंद झालं की उठून बाजूले जाते. काढा डबे, बाई. टाकी खाली करू."

टाकी रिकामी केली. झाकणाखालची जाळी फाटलेली निघाली. तळातून त्यांनी तारेच्या आकड्यानं एक लगदा ओढून काढला, मुठीएवढा, काळपट, गळणारा. परातीत टाकला आणि दोन बोटांनी विंचरला. तंतू मोकळे झाले. त्यात एक सरकी.

"डिझेल कुठी ठेवता?"

मी कुलूप उघडलं. खोलीत कॅन होता. त्याचं झाकण उन्हाळ्यातच हरवलं होतं. तोंडात पांढराशुभ्र कापसाचा बोळा, मी स्वतः ओसरीतल्या ढिगातून मूठभर घेऊन दाबलेला. आमच्याकडे काहीही बंद करायचं म्हणजे कापूस. तेलाची बाटली, उंदराचं बीळ, दुखरा कान. दर वेळी बोळा उपसून मी टाकीत डिझेल ओतत होते, आणि तोंडाला चिकटलेले कापसाचे पुंजके दर वेळी धारेबरोबर आत जात होते.

मिस्त्रींनी बोळा काढला, परातीतल्या लगद्याशेजारी ठेवला.

"किल्ली कोणापाशी रायते?"

"माझ्यापाशी."

"चोवीस तास?"

"चोवीस तास."

"मंग चोर सापडला," ते म्हणाले. त्यांनी टाकी धुतली, नळ्या फुंकल्या, नवी जाळी बसवली, नळ्यांत अडकलेली सगळी हवा काढली. परात रिकामी झाली, मी बघितली. मी म्हटलं, चालू करा आता. ते हात पुसत उभे राहिले.

"लोडवर अर्धा तास चालवून पाहावं लागन. सुखदेव कुठी आहे?"

"घरी आहे."

"काहून?"

मी सांगितलं. जेवढं कमी सांगता येईल तेवढं. त्यांनी हत्यारं पिशवीत भरायला घेतली.

"ज्याच्या हातात बंद पडला त्याच्याच हातात चालवून पाहतो मी. आणा त्याले."

"तुम्हीच चालवा ना. ओल चाललीय."

"ओल चालली तं तुमी लवकर जा."

मी स्कूटी काढली. सुखदेवचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला. त्याची बायको अंगणात भांडी घासत होती. मला बघून उठली नाही.

"या काकू. झडती घ्याले आल्या का?"

शेजारच्या दोन दारांत बाया येऊन उभ्या राहिल्या. मला पाल्हाळ लावता येत नाही. मी म्हटलं, "नाई. टाकीत कापूस अडकला होता. थो माह्या हातचा होता. सुखदेवचा काही दोष नोता."

"हे इथी सांगता," ती म्हणाली, "पारावर कोण सांगन?"

"मीच सांगीन."

सुखदेव आत जेवत होता. त्यानं सगळं ऐकलं असणार. हाक मारली तर म्हणाला, "जेवून येतो." आणि त्यानं सावकाश जेवण केलं. मी स्कूटीजवळ उभी राहिले. कोणी बस म्हटलं नाही. परत जाताना पारापाशी थांबून तिथं बसलेल्या चौघांना मी तेच सांगितलं. एकानं तोंड वळवून हसू गिळलं.

अंगणात शेषराव मिस्त्री ट्रॅक्टरजवळच बसले होते. सुखदेवला बघून उठले आणि त्यांनी पहिल्यापासून प्रश्न सुरू केले. कधी बंद पडला, धूर कसा, मागं काय जोडलं होतं.

"आता काहून विचारता?" मी म्हटलं. "सापडलं ना?"

"तुमचं सांगून झालं. आता याचं ऐकतो."

सुखदेवनं सगळं सांगितलं. शेवटी म्हणाला, "मी काकूले पयल्याच दिवशी म्हटलं, टाकी खाली करून पाहू."

मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं. "म्हटलं होतं?"

"म्हटलं होतं."

त्यावर ते काहीच बोलले नाहीत. दोन शब्द बोलले असते तर मला बरं वाटलं असतं.

वावरात पेरणीयंत्र जोडून ट्रॅक्टर अर्धा तास चालला, मग तासभर, मग त्या दिवशी थांबलाच नाही. दोन दिवसांत हरभरा पेरून झाला. सुखदेव दुसऱ्या दिवशी आला आणि तिसऱ्या दिवशीही आला. झाल्या गोष्टीवर आम्ही दोघंही बोललो नाही.

शेषराव मिस्त्री मला शेवटचे दिसले ते गेल्या उन्हाळ्यात, अकोटच्या एसटी स्टँडवर. शेड बंद करून ते अचलपूरला मुलीकडे राहायला निघाले होते. गुडघे गेले होते. हातात कापडी पिशवी, बाजूला पत्र्याची पेटी. मी ट्रॅक्टर बरा चालतो म्हणून सांगितलं. त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

"सुखदेव आहे का तुमच्याकडं?"

"आहे की."

"तुमचं सांगून झालं. आता त्याचं ऐकतो. लावा फोन."

मी हसले. ते हसले नाहीत. मी नंबर लावला. सुखदेवनं "बोला काकू" म्हटल्याबरोबर त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि पाठ फिरवून, लंगडत, पाण्याच्या नळापलीकडे गेले. मला त्यांचं बोलणं ऐकू येईना. मान तेवढी हलताना दिसत होती. दोन-तीन मिनिटं तरी बोलले. मग फोन बंद करून, सदऱ्याच्या टोकानं पुसून, मला परत दिला.

"काय म्हणाला?"

"तुमचं काय काम त्याच्यात?"

अचलपूरची गाडी लागली. मी पेटी वर चढवून दिली. ते खिडकीशी बसले. मी खालून विचारलं, "बरं म्हणाला का वाईट, एवढं तरी सांगा." मिस्त्रींनी दोन्ही हातांनी खिडकीची काच ओढून घेतली, ती मधेच अडली, तिला खालून एक दणका दिला आणि पूर्ण बंद केली.

त्या संध्याकाळी सुखदेव ट्रॅक्टर लावायला आला, तेव्हा मी त्याला काही विचारलं नाही. त्यानंही फोनचा विषय काढला नाही. दुसऱ्या दिवशी तो रोजच्या वेळेला येतो की नाही, हे बघत मी सकाळी सातपासून फाटकात उभी होते. आला. माझ्याकडे बघून म्हणाला, "काय झालं, काकू?"

"काही नाही," मी म्हटलं.